दोन रनरची चेन

मी कपडे शिवत नाही, त्यांच्याबद्दल लिहिते. नारायणगुड्यात तयार कपड्यांची एक कंपनी आहे, तिथं वरच्या मजल्यावर खिडकीपाशी माझं टेबल आहे. एखादा ड्रेस कारखान्यात शिवायला गेला की त्याच्यासोबत एक तक्ता जातो. कापड कोणतं, शिवण किती बारीक, बटणं किती, सगळं त्यात असतं. चेन असली तर तिच्यासाठी वेगळं पान. आमच्याकडे झिपला चेनच म्हणतात. दुकानात झिप मागितली की समोरचा क्षणभर आपल्याकडे बघत राहतो.

कॉलेजात चेनचे भाग शिकवले तेव्हा मी ते अधाशासारखे पाठ केले होते. दोन्ही बाजूंच्या कापडी पट्ट्या म्हणजे टेप. टेपवर बसवलेले दात. दातांवरून वरखाली धावतो तो स्लायडर, त्याला लटकणारी बोटात धरायची कडी म्हणजे पुलर. स्लायडर वरून निसटू नये म्हणून टॉप स्टॉप. आणि जाकिटासारखी पूर्ण उघडणारी चेन असेल तर तळाशी एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला ती पिन जिच्यात बसते ती इवलीशी डबी. रोज हातात येणाऱ्या एवढ्याशा वस्तूला इतके अवयव आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी कमी बोलणारी. नव्या माणसासमोर काही सुचलं नाही की मी त्याच्या बॅगेची चेन कोणत्या प्रकारची आहे ते मनात ओळखत बसते. वेळ चांगला जातो.

आम्ही विद्यानगरला राहतो. पप्पांचं गाव नांदेडकडचं, आजोबा रेल्वेत लागले, या परराज्यातल्या शहरात आले आणि इथलेच झाले. गल्लीच्या टोकाला आमचं विहार आहे. तिथल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर येणारे मराठी मेसेज मी दोनदा वाचते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे एकदा वाचून माझं भागत नाही.

तर फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पोस्टातल्या काकू घरी आल्या. त्या माझ्या सख्ख्या काकू नाहीत. पोस्टात काउंटरवर बसतात आणि मंडळाचं सगळं त्याच बघतात. तीस वर्षं काचेपलीकडच्या माणसाशी बोलून त्यांचा आवाज असा झालाय की आमच्या हॉलमध्ये त्या हळू बोलल्या तरी शेजारच्यांना ऐकू जातं.

“तू डिझायनर हाईस ना?” त्यांनी पाणी प्यायच्या आधी विचारलं.

“मी फक्त तक्ते लिहिते, काकू.”

“मग आमचाबी एक तक्ता लिही. आणि शिव पण.”

आई स्वयंपाकघरातून हसली. मी काही बोलले नाही, आणि काकूंनी तो होकार धरला.

विषय जयंतीचा होता. एप्रिलातल्या मिरवणुकीत दरवर्षी पुढे मुलांचं पथक असायचं, मग ढोल, मग पुरुष, आणि सगळ्यांत मागे बायका, मुलांना सांभाळत, पाण्याच्या बाटल्या वाहत. मंडळातल्या चौदा जणी दोन वर्षांपासून विहाराच्या हॉलमध्ये लेझीम शिकत होत्या. यंदा त्यांनी कमिटीला सांगितलं होतं की आम्ही पुढे चालणार. कमिटीत एक बुजुर्ग आहेत, बँकेतून रिटायर झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी विचारलं होतं, “लेझीम खेळणार का पदर सांभाळणार?”

“आता त्यांचं चूक म्हणावं तर तसंबी नाही,” काकू म्हणाल्या. “मागच्या साली प्रॅक्टिसला बघितलंस ना? हात वर गेला की पदर खाली. एक हात पदराला लागला की लेझीम बंद. पिना लावल्या तर ब्लाउज फाटतो. म्हणून मला वरून घालायला जाकीट पाहिजे. बिनबाह्याचं, सुती. पदर आत दाबून धरील असं. साहेबांना मी सांगून आले, एकीचा जरी पदर सुटला तर पुढच्या साली आम्ही गपगुमान मागे चालतो.”

आईने बाहेर येऊन विचारलं, “असं कशाला म्हणून आलात?”

“तोंडातून निघून गेलं,” काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदा जरा चिंतेत दिसल्या.

त्या रात्रीपासून मी खरंच खूश होते, हे मी कुणाला सांगितलं नाही. निळं सुती कापड, गळ्याला आणि हातांच्या कडांना पांढरी पायपिंग, समोर चंदेरी धातूची चेन. लांबी कुल्ल्यांपर्यंत. पांढऱ्या साडीवर ती लांब सरळ रेघ कशी दिसेल ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. फोनवर चित्र बघून काकू म्हणाल्या, “एवढं लांब?” मी म्हटलं, लाइन चांगली दिसते. त्यांना लाइन म्हणजे काय ते कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली. डिझायनर म्हणते म्हटल्यावर.

मापं घ्यायची वेळ आली तेव्हा मी कच खाल्ली. माप घ्यायचं म्हणजे टेप घेऊन चौदा बायकांच्या अगदी जवळ उभं राहायचं, त्यांच्या पाठीमागून हात फिरवायचा, त्या बोलणार, विचारणार, लग्नाचं काय म्हणणार. मग मला एक सोपी युक्ती सुचली. आपल्याकडे टेलरकडे जाताना बायका बरोबर बसणारा एक जुना ब्लाउज नेतात, मापाचा म्हणून. टेलर अंगाला हात लावत नाही, ब्लाउज टेबलावर पसरून त्यावरून मोजतो. मी ग्रुपवर लिहिलं, सर्वांनी मापाचा ब्लाउज आमच्या घरी पाठवावा. तो मेसेज मराठीत लिहायला मला वीस मिनिटं लागली.

चौदावा ब्लाउज घरातलाच, आईचा; बाकीच्या तेरा पिशव्या दोन दिवसांत आल्या. प्रत्येकीत घर नंबराची चिठ्ठी. मी ते ब्लाउज पलंगावर ओळीनं मांडले आणि मला वाटलं, या सगळ्या जणी मला भेटायला आल्यात आणि कुणी काही विचारत नाहीये. एकाची काखेतली शिवण तीनदा उसवून सैल केलेली. एकाच्या खांद्यावर पिनांची इतकी भोकं की जाळीच झाली होती. एकाचे हुक पुढून काढून पाठीमागे लावलेले. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, “हा घट्ट आहे पण मी वजन कमी करत आहे, तेव्हा असाच शिव.” मी तिचं जाकीट दोन बोटं सैल शिवलं.

तीन आठवडे ऑफिसातून आले की मी आईच्या मशिनवर बसायची. आई धागे कापायची, इस्त्री करायची आणि मी विचारलं नसतानाही सांगायची की ही शिवण वाकडी आहे. कॉलेज संपल्यापासून मी एवढं शिवलं नव्हतं. चेन लावताना दातांच्या अगदी कडेने सुई चालवायची असते, श्वास धरून. चौदाव्या चेनपर्यंत मी श्वास न धरताच ते करू लागले होते.

जयंतीला नऊ दिवस राहिले होते तेव्हा रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळ्यांनी जाकिटं घातली. साड्या नेसून आल्या होत्या, पदर खांद्यावरून घेऊन आत दाबले, चेन वर ओढल्या. चौदा जणी दोन ओळींत उभ्या राहिल्या आणि मी जी रेघ काढली होती ती चौदा वेळा दिसली. मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात सगळ्या सरळ उभ्या आहेत.

“चला, पहिला डाव,” काकू म्हणाल्या.

या लेझमीत दोन ठेके पुढे, एक बाजूला, आणि मग उकिडवं बसून हात वर नेत उठायचं असं आहे. दोन ठेके पुढे झाले. एक बाजूला झाला. मग सगळ्या खाली बसायला गेल्या आणि हॉलमध्ये टर्र असा आवाज आला, तोही तीन ठिकाणी. तिघींच्या चेनचे दात स्लायडरच्या खालीच फाकले. बाकीच्या अर्ध्यावर अडकल्या. गुडघे वाकलेले आणि पुढे जागाच नाही.

“बाई गं, मला बसायलाच येईना गेलंय,” मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं.

“मी तर अर्धीच बसले.”

“तू तशीच राहा. तुला शोरूमच्या दारात उभी करू.”

“ही डबी पोटात टोचायली की.”

सगळ्या हसत होत्या. मीही हसले असते, पण माझे कान गरम झाले होते. दारात साहेब चहाचा कप घेऊन उभे होते. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” काकू अर्ध्या वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, “चेन तपासायलोत.”

काय चुकलं ते मला तिथंच कळलं होतं. ब्लाउज कमरेच्या वर संपतो. मापाचा ब्लाउज मला खांद्यापासून छातीपर्यंत सगळं खरं सांगत होता आणि त्याच्या खाली गप्प होता. खालची मापं मी ऑफिसातल्या तक्त्यावरून घेतली होती, पँट घालणाऱ्या बायकांची. परकर, खोचलेल्या निऱ्या, कमरेला दोन फेरे घेतलेली साडी, हे त्या तक्त्यात कुठून येणार? आणि बसल्यावर माणूस किती रुंद होतं तेही नव्हतं. लहानपणापासून आईला साडी नेसताना बघते आहे मी. मला ते माहीत होतं. फक्त टेप घेऊन कुणाजवळ जायचं नव्हतं.

मी म्हटलं, कमरेपर्यंत कापून छोटं करते. काकूंनी एकीला चेन वर करून जाकीट हाताने कमरेपर्यंत दुमडून धरायला लावलं आणि हात वर करायला सांगितला. जाकीट वर सरकलं आणि पदर बाजूनं बाहेर आला. छोटं करून चालणार नव्हतं. घरी जाऊन मी एका जाकिटाला दोन्ही बाजूंना चिरा देऊन आईला घालायला लावलं. कुल्ल्यांना मोकळं झालं, पण बसल्यावर समोरची चेन घडी पडून फुग्यासारखी पुढे यायची आणि तळाची डबी पोटात घुसायची.

“नऊ दिवस आहेत,” आई म्हणाली. “पिनाच लावू दे त्यांना.”

“मग पदर सुटेल.”

“मग पुढच्या वर्षी मागे चालतील. जाताहेत इतकी वर्षं.”

आईला तसं वाटत नव्हतं. ती स्वतः दुसऱ्या ओळीत होती.

सोमवारी ऑफिसात मी एका थंडीच्या जाकिटाचा जुना तक्ता उघडला. त्यात मीच लिहिलं होतं, टू-वे ओपन एंड. वरचा स्लायडर आणि खालचा स्लायडर, दोन. असे दहा-बारा तक्ते मी लिहिले असतील आणि दुसरा स्लायडर कशासाठी असतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता पडला, आणि उत्तरही समोर होतं. खालचा वर ओढला की चेन तळातून उघडते आणि वरून बंदच राहते. बसण्यासाठी. कंपनीला चेन पुरवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला तीन आठवडे लागतील.

जेवणाच्या सुट्टीत मी रिक्षानं जामबागला गेले. तिथल्या एका बोळात चेन दुरुस्त करणारे एक चाचा बसतात, माझ्या शाळेच्या बॅगेपासून आईच्या बॅगेपर्यंत सगळं त्यांच्याकडेच जातं. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. भिंतीवर बिस्किटांचे जुने डबे, प्रत्येकात एका मापाचे रनर. स्लायडरला सगळे रनर म्हणतात. चाचा हातातल्या जेवायच्या काट्यावर रनर अडकवून दोन्ही पट्ट्या त्यात सरकवत होते. ही युक्ती आम्हाला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

“क्या होना अम्मा?”

“टू-वे ओपन एंड,” मी म्हटलं. “चोवीस इंच.”

“अंग्रेजी नक्को. करना क्या है वो बोलो.”

मला सांगता येईना. माझी उर्दू ऐकण्यापुरतीच आहे. मी म्हटलं, साडी है, ऊपर जाकीट है, बैठना है. त्यांनी काटा खाली ठेवला आणि वाट बघत राहिले. मागे दोन गिऱ्हाईकं येऊन उभी होती. शेवटी मी बॅग खांद्यावर घट्ट धरली आणि त्या बोळात, सगळ्यांसमोर, अर्धी खाली बसले. एका हातानं पोटापाशी चेन वर ओढायची खूण केली. मग उठले.

चाचांचा चेहरा उजळला. “हौ, दो रनर की चेन बोलो ना. बुर्के कू लगाते. गाडी पे बैठते सो टाइम नीचे से खोलने का, ऊपर से बंद का बंद.” मागून एक बाई म्हणाली, “मेरेकू बी वैसीच है,” आणि आपल्या बुरख्याची चेन खालून वीतभर उघडून, परत लावून दाखवली. मी इतकी वर्षं या शहरात राहते. बसस्टॉपवर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये ती चेन रोज माझ्या समोर असायची.

त्यांच्याकडे सोळा निघाल्या, सगळ्या काळ्या, नायलॉनच्या, आणि प्रत्येक माझ्या गरजेपेक्षा दुपटीनं लांब.

“काट के देतूं,” ते म्हणाले.

“वरून कापायची,” मी मराठीतच बोलून गेले. “ऊपर से. नीचे पिन है.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मालूम है तुमकू?”

“हौ,” मी म्हटलं.

त्यांनी मला बसवून शिकवलं. बंद करायच्या आधी दोन्ही रनर तळाला टेकलेले हवेत, एकावर एक. मग दुसऱ्या बाजूची पिन दोघांतून खाली जाईपर्यंत घालायची. मगच वरचा ओढायचा. “जल्दी करे तो एक दात ऊपर एक नीचे, फिर रोते बैठो,” ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर पाच वेळा लावून दाखवली. सहाव्यांदा त्यांनी पाहिलंही नाही, पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

संध्याकाळी काकूंकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. ब्लाउजचं, तक्त्याचं, माझ्या संकोचाचंही, जे मला सांगायचं नव्हतं. काकू काळी चेन वरखाली करून बघत होत्या. खालून उघडायची, वरून उघडायची. मधेच त्यांना तिचा नाद लागला.

“म्हणजे तू आम्हाला घाबरून ब्लाउज मागितले?”

“घाबरून नाही.”

“मग?”

मी त्यांच्या हातातली चेन घेऊन दोन्ही रनर तळाला आणले.

“बरं. आता ब्लाउज नाही मिळायचे. टेप घेऊन ये. आणि बसवून माप घे.”

मंगळवारी हॉलमध्ये मी चौदा जणींची मापं घेतली, साडीवरून, आधी उभं आणि मग उकिडवं. जे होईल असं वाटलं होतं ते सगळं झालं. लग्नाचं विचारलं. पगार विचारला नाही, पण जेवतेस का विचारलं. गुदगुल्या होतात म्हणून एकीनं मला ढकललं. ज्या बाईनं वजनाची चिठ्ठी पाठवली होती ती म्हणाली, “आकडा मोठ्यानं वाचू नको, कानात सांग.” मी कानात सांगितला. ती म्हणाली, “हट्, तुझा टेप आटलाय.” मला वाटलं होतं, मापं झाली की मी पळ काढीन. पण इतक्या बायका एकदम बोलत असल्या की आपण बोलत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग आपण बोलायला लागतो.

चिरा सगळ्या जाकिटांना द्यायचं ठरलं. जुनी चेन प्रत्येकीनं स्वतः उसवून आणायची. काकूंनी आपली पोस्टात डबा खाताना उसवली. काळ्या चेनबद्दल मात्र नाराजी होती.

“निळ्यावर काळी दिसते गं.”

“झाकता येईल,” मी म्हटलं. “वरून पांढरी पट्टी. पण एवढं सुती कापड आता...”

“साडीचा फॉल चालंल?” आईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी फॉलच्या पुड्या येऊन पडल्या. कुणाच्या कपाटात न लावलेला फॉल नसतो, हे मला तेव्हा कळलं. पांढरे, दुधी, एक तर फिकट पिवळा. त्यातले पांढरे निवडून मी चेनवर झाकणासारखी पट्टी लावली. पूर्वीच्या चंदेरी रेघेपेक्षा ती चांगली दिसली. हे मी माझ्या तोंडाने कबूल केलं नाही, आईने केलं.

पाच संध्याकाळी आमच्या घरात तीन मशिनं चालली. आईचं, आणि दोघींनी आपापली रिक्षात घालून आणलेली. पप्पा बाहेर खुर्ची टाकून बसायचे, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. मग मला सगळ्यांना ही चेन बंद करायला शिकवायचं होतं. मी हॉलमध्ये पुढे उभी राहिले आणि म्हटलं, दोन्ही रनर खाली. मग पिन. मग वरचा. पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“काउंटर नंबर तीनवर ऐकू येत नाही,” काकू म्हणाल्या.

मी परत सांगितलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा सगळ्या माझ्याबरोबर म्हणायला लागल्या, शाळेतल्यासारख्या. दोन्ही रनर खाली. मग पिन. मग वरचा.

चौदा एप्रिलला दुपारी ऊन उतरायच्या आधीच मिरवणूक निघाली. पुढे चौदा जणी. मी फुटपाथच्या कडेनं चालत होते, पिशवीत पक्कड, सुईदोरा, दोन शिल्लक चेन. मी लेझीम बघतच नव्हते. माझी नजर चौदा जाकिटांच्या तळाशी होती. ढोल सुरू झाला, काकूंनी हात वर केला, आणि चौदा हात एकदम खाली गेले, खालचा रनर कमरेपर्यंत ओढला गेला. दोन ठेके पुढे. एक बाजूला. मग सगळ्या खाली बसल्या, अगदी टाचांपर्यंत, जाकिटं समोरून उघडली पंख्यासारखी, आणि हात वर नेत उठल्या. एकही पदर हलला नाही. कडेला उभे असलेले लोक पुढे सरकले.

दुसऱ्या चौकात वजनाच्या चिठ्ठीवाल्या बाईचा हात पोटावर गेला. तिनं गडबडीत पिन नीट न बसवताच चेन ओढली असणार, खालच्या रनरच्या वरचे दात एकेक करून फाकत चालले होते. पदराची कड दिसायला लागली होती. ती खेळत होती, पण एकाच हाताने. साहेब पलीकडच्या बाजूनं चालत होते. त्यांनी ते बघितलं का, हे मला अजून माहीत नाही.

काकूंनी बघितलं. “जागेवर,” त्या ओरडल्या, आणि ओळ जागच्या जागी ठेका धरून उभी राहिली. ढोलवाल्यानंही ताल तिथंच फिरवला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना पाहायची गरज नव्हती.

रस्त्यात मध्यभागी जाऊन गुडघे टेकायचे ही गोष्ट मी एरवी केली नसती. मी गेले. चेन पूर्ण उघडली, दोन्ही रनर तळाला आणले, पिन घातली. ती दोघांतून गेली नाही. परत घातली. आजूबाजूला लेझमींचा आवाज इतका होता की मला माझा श्वास ऐकू येत नव्हता. वरून ती बाई ठेका न चुकवता म्हणाली, “दोन्ही रनर खाली, मग पिन.”

“माहितीये मला,” मी म्हटलं.

पिन तळापर्यंत गेली. मी वरचा रनर गळ्यापर्यंत ओढला, पदर आत दाबला, पट्टी सरळ केली आणि बाजूला झाले. काकूंनी हात वर केला. दोन ठेके पुढे.

तिसऱ्या चौकात कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी जाकिटांकडे बघतच नाहीये. मी आईकडे बघत होते. तिला मी अशी कधी पाहिली नव्हती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि खाली बसून उठताना दरवेळी ती हसत होती, कुणाकडे न बघता.

परत आल्यावर विहाराच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, खीर होती. साहेब काकूंपाशी आले. “पदर काही सुटलेला दिसला नाही,” ते म्हणाले.

“सुटलाच नाही तर दिसंल कसा?” काकू म्हणाल्या. “पुढच्या साली पण पुढेच. लिहून घ्या.”

“लिहितो,” साहेब म्हणाले आणि आपली वाटी पुढे केली, कारण खीर वाढायला आई उभी होती.

एवढ्या उन्हातही कुणी जाकीट काढलं नव्हतं. चौदा जणी मांडी घालून ओळीत बसल्या होत्या, तळाच्या चेन उघड्या, पांढऱ्या साड्या पुढे पसरलेल्या. काकूंनी मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. पहिली वाटी संपली तशी त्यांनी दुसरी मागितली, आणि ती येईपर्यंत खालचा रनर आणखी दोन बोटं वर ओढून घेतला.